प्रेमपूर्वक, आर्नेल मोन्तेसोल

जानेवारीत सान तेलमोमध्ये पाऊस पडत नाही. त्या मंगळवारी पडला, तो फक्त चौकात, सव्वाचार ते साडेचार, आणि तोही आगीच्या बंबातून.

मी तेव्हा शाळेच्या वरच्या मजल्यावर, चौकाकडच्या खिडकीत बसून पाठ-टाचण पुरं करत होते. इयत्ता तिसरी, अख्खी तिमाही, बेचाळीस पानं, शाईनं. शुक्रवारी ते मुख्याध्यापिकांच्या टेबलावर जायचं होतं. खाली आर्नेल मोन्तेसोलची प्रचारसभा चालली होती. तो मेयरपदासाठी उभा होता, मनापासून भाषण करत होता, आणि समोरचे लोक एकमेकांना विचारत होते, हा कोण?

यात अपमान काही नव्हता. इतक्या वर्षांत आर्नेलला कोणी कोरडं पाहिलंच नव्हतं. सतराव्या वर्षी आमच्याच जत्रेतल्या गाण्याच्या स्पर्धेतून त्याला मॅनिलाला उचलून नेलं, आणि त्यानंतर एकवीस चित्रपटांत तो गायला — एकवीसही वेळा पावसात. शर्ट अंगाला चिकटलेला, केस कपाळावर, मागे केळीचं झाड. आता छत्तीस वर्षांचा, भांग पाडलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस सांडपाण्याबद्दल बोलत होता. आलिंग बासियांगसुद्धा डोळे बारीक करून बघत होत्या, आणि त्या तर त्याच्या चाहत्यांच्या मंडळाच्या अध्यक्ष. आमच्या शाळेच्या फाटकाशी त्या बिबिंगका विकतात. केळीच्या पानावर भाजलेला हा तांदळाचा केक त्या ज्या कागदात बांधून देतात, त्या कागदावरही आर्नेलच असतो.

"हा तो नाहीच," त्या सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मॅनिलावाल्यांनी दुसराच कुणीतरी पाठवलाय."

व्यासपीठावर अ‍ॅटर्नी मांगुबात होते. ते आर्नेलचे वकील, प्रचारप्रमुख आणि उपमेयरपदाचे उमेदवारही. त्यांनी बंबवाल्याकडे बघून रुमाल हलवला.

पाणी उंच उडालं आणि व्यासपीठावर कोसळलं. आर्नेल दोन सेकंदांत भिजला. तिसऱ्या सेकंदाला चौकातून एकच किंकाळी उठली — "आर्नेऽऽल!" ओळख पटली. तो गायला लागला. मग नदीकडून वारा सुटला, आणि पाऊस चौक सोडून माझ्या खिडकीत आला.

मी ठिबकणारी वही घेऊन खाली उतरले. माझी ओळ चालली होती "उद्दिष्ट : विद्यार्थी सातचा पाढा," त्यापुढे सगळा निळा तलाव. गर्दीतून वाट काढत मी व्यासपीठाशी पोचले आणि वही त्याच्यापुढे धरली.

"हे बघा," मी म्हणाले.

त्याने ओल्या खिशातून पेन काढलं. "कुणासाठी लिहू?"

"काय?"

"नाव सांगा ना. कुणासाठी?"

मला संताप आला की माझं डोकं फार थंड होतं. "मुख्याध्यापिकांसाठी," मी म्हणाले.

त्याने सही करून वही परत दिली. मुख्याध्यापिकांना, प्रेमपूर्वक, आर्नेल मोन्तेसोल. शेजारी सात किरणांचा छोटा सूर्य. अक्षर मोठं, गोल, वेलांट्यांना शेपट्या... आणि सहीखालीच माझ्या सातच्या पाढ्याची शाई वाहत होती. ती त्याने आत्ता पाहिली.

"हे मी केलं?"

"बंबाने केलं. पण बंब तुमच्यासाठी आला होता."

"मॅम," तो म्हणाला. पापण्यांवरून पाणी गळत होतं, आणि त्याला त्याची इतकी सवय होती की तो पुसतही नव्हता. "मी लिहून देतो. सगळं. माझ्या हाताने."

"बेचाळीस पानं आहेत."

"मला बेचाळीस गाणी पाठ आहेत."

याचा एकमेकांशी काय संबंध, ते मला कळलं नाही. पण मी हो म्हणाले.

*

माझं नाव रेमेदिओस दिमाकुलांगान. गाव मला मेदिंग मॅम म्हणतं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते, आणि सान तेलमोत एकोणतिसाव्या वर्षी बाईला लग्नाबद्दल कोणी विचारत नाही, तब्येतीबद्दल विचारतात. आर्नेलचे चित्रपट मी लहानपणी पाहिले होते. वहीत त्याचा फोटो वगैरे ठेवला नव्हता. पेटीत ठेवला होता.

रोज चारला शाळा सुटली की तो यायचा. सभा सकाळी आणि संध्याकाळी, मधला दीड तास टाचणाचा. तिसरीच्या बाकावर त्याचे गुडघे मावायचे नाहीत, म्हणून तो तिरका बसायचा. मी ओल्या पानांवरून वाचून दाखवायची, तो लिहायचा.

"उद्दिष्ट. विद्यार्थ्यांना पाण्याचे तीन उपयोग सांगता येतील."

"पिणं, धुणं..." तो लिहिता लिहिता म्हणाला, "आणि ओळख पटवणं."

"विनोद लिहू नका."

"लिहिला नाही, केला."

पहिलं पान त्याने पुरं केलं आणि खाली सही ठोकली. प्रेमपूर्वक, सूर्यासकट.

"हे काय?"

त्याने पानाकडे असं पाहिलं, की जणू ते दुसऱ्याच कुणीतरी केलं असावं. "माफ करा... हात आपोआप जातो. वीस वर्षं झाली. कागद पुढे आला की जातो. एकदा विजेच्या बिलावरही केली होती."

"पुन्हा लिहा," मी म्हणाले. तिसरीतल्या मुलांना म्हणते तसंच.

त्याने पुन्हा लिहिलं. दुसऱ्या पानावरही सही. "पुन्हा लिहा." अशी बेचाळीस पानांची त्याने एकोणसत्तर पानं लिहिली. शेवटी शेवटी मला शंका यायला लागली, की हात नेहमीच आपोआप जातो असं नाही. मी विचारलं नाही. शुक्रवारची मुदत मी मुख्याध्यापिकांकडून आठवडाभर वाढवून घेतली, कारण सांगितलं पाऊस. त्या खिडकीबाहेरच्या कोरड्या आभाळाकडे बघून हो म्हणाल्या.

"तुम्हाला मेयर कशाला व्हायचंय?" एकदा मी विचारलं. "चित्रपट संपले म्हणून?"

"ते तर संपलेच. आता मला हिरोच्या बापाच्या भूमिका येतात. मागच्या महिन्यात एक आली, त्यात बाप पहिल्याच रिळात मरतो... छत्रीखाली." तो पेन टेबलावर आपटून शाई खाली आणत होता. "मॅम, तुमची किती मुलं नदीपलीकडून येतात?"

"चौदा."

"तराफ्यावर."

"हो. पाणी चढलं की येत नाहीत. हजेरीत मी कारण लिहिते, नदी."

"ते कारण मी आहे," तो म्हणाला.

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, फक्त त्याच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती. सोळा वर्षांपूर्वी त्याच्या एका चित्रपटाचं शेवटचं गाणं आमच्या नदीवर झालं. त्यासाठी कंपनीने पूल बांधला — प्लायवुडचा, वरून दगडासारखा रंगवलेला. गाणं संपलं, कंपनी गेली, पूल राहिला. तो इतका छान दिसायचा की गावाने तो वापरायला घेतला, आणि आधीचा बांबूचा पूल मोडून सरपण केलं. आठ महिने सगळं ठीक होतं. मग संत तेलमोंच्या मूर्तीची मिरवणूक बँडसकट त्यावर चढली. संत वाचले. मोठा ढोल वाहत वाहत समुद्राला मिळाला. तेव्हापासून गावात कुणाचंही काही कोसळलं, खुर्ची असो की लग्न, की लोक म्हणतात, आर्नेलचा पूल झाला.

"मेयर कास्तोर बारा वर्षं म्हणतायत, पूल होईल," तो म्हणाला. "मी एकदाच म्हणणार. 'होईल', आणि मग होणार."

असं म्हणताना तो गात नव्हता, भिजलाही नव्हता. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा त्याच्या मनगटावर पडला होता आणि बोटाला निळी शाई लागली होती. मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ती वाचायची विसरले.

"मॅम?"

"उद्दिष्ट," मी म्हणाले. "विद्यार्थी... लक्ष देतील."

*

अडचण बेबेथ लुझानची होती.

एकवीसपैकी अकरा चित्रपटांत बेबेथ त्याची नायिका. आमच्याकडे पडद्यावरची जोडी एकदा लोकांच्या मनात बसली, की ती पडद्यापुरती राहत नाही. लोक वर्षानुवर्षं लग्नाची वाट बघतात, नवस करतात. बेबेथचं नऊ वर्षांपूर्वी एका दंतवैद्याशी लग्न झालं होतं, तीन मुलं होती. पण चाहत्यांच्या मंडळाला हे मान्य नव्हतं. आलिंग बासियांग त्या दंतवैद्याला "तो मध्येच आलेला" म्हणायच्या.

"मतदान होईपर्यंत बेबेथशिवाय कुठल्याही बाईशेजारी दिसायचं नाही," अ‍ॅटर्नी मांगुबातनी वर्गाच्या दारात उभं राहून बजावलं. मग मला पाहिलं. "मॅम, तुम्ही सरकारी कामात आहात, तुम्ही बाईत मोडत नाही."

"आभारी आहे," मी म्हणाले. मी आमच्या मतदान केंद्राची केंद्राध्यक्ष होते. आमच्याकडे हे काम शिक्षकांच्याच गळ्यात पडतं.

"आणखी एक लफडं आहे," अ‍ॅटर्नी घाम पुसत म्हणाले. मतदाराने कोऱ्या ओळींवर उमेदवारांची नावं हाताने लिहायची, अशी आमची मतपत्रिका. "बाया म्हणतायत, मेयर आर्नेल, तर उपमेयर बेबेथच. माझं नावच लिहिणार नाहीत!"

"मग सगळ्या पत्रिका बाद?" आर्नेलने विचारलं.

"छे. उभं नसलेल्याचं नाव लिहिलं, तर ते एक मत हवेत जातं. बाकी कागद शाबूत. कागद कुणाचा ते कळेल अशी काही खूण केली, तर मात्र अख्खा कागद बाद. बरोबर ना, मॅम?"

"बरोबर," मी म्हणाले.

"म्हणजे," आर्नेल माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुणाचंही नाव लिहिता येतं. आणि कुणाचं काही बिघडत नाही."

"माझं बिघडतं!" अ‍ॅटर्नी ओरडले.

शेवटच्या सभेला बेबेथ आली. बंब पुन्हा सुटला, दोघं गायले, बायका रडल्या. सभेनंतर ती केस पुसायला माझ्या वर्गात आली, आणि बाकावरचं टाचण उचलून चाळायला लागली. दंतवैद्य दारात टॉवेल घेऊन उभा होता.

"हे त्याचं अक्षर," ती म्हणाली. "आणि सही कुठेच नाही?"

"मी करू देत नाही."

बेबेथने मला खालून वर पाहिलं. "अकरा चित्रपट मी त्याच्या प्रेमात पडले, बाई. पगार घेऊन. एकदाही जमलं नाही. तुला जमतंय का?"

"मी केंद्राध्यक्ष आहे," मी म्हणाले.

"अगं बाई," बेबेथ म्हणाली, "म्हणजे जमतंय."

*

मतदान सोमवारी, तीन वाजेपर्यंत, तळमजल्यावरच्या माझ्याच वर्गात. आर्नेल दहाला आला. त्याच्या आईचं घर माझ्याच केंद्रात येतं. मी त्याला मतपत्रिका दिली, त्याने "धन्यवाद, मॅम" म्हटलं, मी "पुढे" म्हटलं. आडोशामागे तो फार वेळ लिहीत होता.

तीनला दार बंद करून मोजणी सुरू झाली. मी एकेक कागद उलगडून मोठ्याने वाचायचा, चौथीचे सर फळ्यावर रेघा ओढणार. चार उभ्या, पाचवी आडवी. समोर दोन प्रतिनिधी. मेयर कास्तोर यांच्याकडून मांग इस्को न्हावी, आर्नेलकडून आलिंग बासियांग. खिडक्यांना बाहेरून अर्धं गाव लटकलेलं.

पहिल्या तासात बेबेथला उपमेयरपदासाठी एकसष्ट मतं पडली, अ‍ॅटर्नी मांगुबातना चाळीस. ते खिडकीबाहेर होते. प्रत्येक बेबेथला त्यांचं डोकं गजांवर आपटल्याचा आवाज यायचा.

मग मी तो कागद उलगडला.

मेयर : आर्नेल मोन्तेसोल. उपमेयर : मांगुबात. नगरसेवक, एक ते सात, बरोबर. अक्षर मोठं, गोल, वेलांट्यांना शेपट्या. आठव्या ओळीवर लिहिलं होतं — रेमेदिओस दिमाकुलांगान.

आणि त्याखाली, प्रेमपूर्वक, आर्नेल मोन्तेसोल. सात किरण.

माझ्या नावापर्यंत सगळं ठीक होतं. मत हवेत गेलं असतं, कागद शाबूत. पण हात आपोआप गेला होता.

मांग इस्को तेव्हा बिबिंगका खात होता. ती त्याला आलिंग बासियांगनीच विकली होती. राजकारण वेगळं, धंदा वेगळा. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. माझा अंगठा सहीच्या कडेला होता. तो थोडा डावीकडे सरकवला असता तर सही पुरती झाकली गेली असती. माझा अंगठा त्या सहीएवढाच आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मला चौदा मुलं दिसली, तराफ्यावर, दप्तरं डोक्यावर घेतलेली.

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून, सगळं. माझं नाव वाचलं, प्रेमपूर्वक वाचलं, सही वाचली. चौथीच्या सरांनी रेघ ओढायला उचललेला हात तसाच राहिला. मी प्रामाणिक आहे म्हणून वाचलं, असं गावात सांगतात. मीही तसंच सांगते. पण खरं म्हणजे... ते एकदा मोठ्याने, सगळ्यांसमोर वाचलं जावं असं मला वाटलं. एकोणतीस वर्षांत माझ्यासाठी कुणी काही लिहिलं नव्हतं. यातलं खरं कारण कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"बाद!" मांग इस्को भरल्या तोंडाने म्हणाला. "सही आहे! बाद!"

"बाद कशी?" आलिंग बासियांग उठल्या. "प्रेमपूर्वक लिहिलंय पोराने! प्रेम कधी बाद होतं का?"

"कायद्याने होतं," मी म्हणाले. आवाज माझाच होता. मी कागदावर 'रद्द' लिहिलं आणि इतिवृत्तात कारण : सही. अक्षर परिचयाचे.

"परिचयाचं कसं काय?" आलिंग बासियांगनी विचारलं.

"त्यांनी माझं टाचण उतरवून दिलं."

"किती?"

"बेचाळीस पानं. म्हणजे... एकोणसत्तर."

त्या हळूच खाली बसल्या. "बेबेथला," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "कधी एक चिठ्ठी नाही लिहिली मेल्याने."

खिडकीत, अ‍ॅटर्नींच्या मागे, आर्नेल उभा होता. त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग तो खिशात घातला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या केंद्रांची बेरीज झाली. मेयर कास्तोर, दोन हजार तीनशे सोळा. आर्नेल मोन्तेसोल, दोन हजार तीनशे सोळा.

बरोबरी झाली की आमच्याकडे नाणं उडवतात. कायद्यातच आहे. निवडणूक अधिकाऱ्याच्या खोलीत आम्ही सगळे केंद्राध्यक्ष भिंतीला टेकून उभे होतो. मेयर कास्तोरनी छापा मागितला. अधिकाऱ्याने नाणं उडवलं, घाबरून झेललं नाही. ते जमिनीवर पडलं, कडेवर उभं राहिलं, आणि गडगडत लोखंडी कपाटाखाली गेलं.

सगळे कपाटाकडे बघत राहिले. कपाटात चाळीस वर्षांची कागदपत्रं होती. ते हलवायला सैन्य लागलं असतं. मेयर कास्तोर यांचं पोट कपाटाखाली जाण्यातलं नव्हतं. अधिकाऱ्याला दमा. शेवटी आर्नेल पालथा पडला आणि खांद्यापर्यंत आत शिरला.

त्याचे बूट फक्त दिसत होते. बूट बराच वेळ हलले नाहीत. आतला अंधार, नाणं आणि त्याचा हात, एवढेच तिथे होते. मी त्या बुटांकडे बघत राहिले आणि मला माझा अंगठा आठवला.

"काय आहे?" अ‍ॅटर्नी दबक्या आवाजात म्हणाले. "आर्नेल, बाळा... नीट बघ हं. काटा असेल."

"छापा," आतून आवाज आला.

तो बाहेर आला. केसांत जळमट, गालावर धूळ. मेयर कास्तोरनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडेचनात. त्यांना रडू आलं होतं. अ‍ॅटर्नींनाही आलं होतं, पण कारण वेगळं.

बाहेर पायऱ्यांवर तो माझ्याशेजारी बसला.

"तुम्ही एका मताने हरलात," मी म्हणाले. "ते माझ्या हातात होतं."

"मी बघत होतो. तुम्ही माझं नाव फार छान वाचता."

"मग तिथेच थांबवायचं होतं मला."

"कसं थांबवणार? तुमचं नाव अजून यायचं होतं." त्याने जळमट काढलं. "उत्तर नाही दिलंत."

"प्रश्न कुठे होता? नाव होतं आणि सही होती."

"बरं. प्रश्न — माझ्याशी लग्न कराल का, मॅम?"

चौकात बंब उभा होता, कोरडा. मी म्हणाले, "नाणं उलटं केलं असतंत, तर आत्ताच नाही म्हणाले असते."

"आणि आता?"

"आता... उद्या चौदा मुलं तराफ्यावरून येतील, माझ्या वाचण्यामुळे. त्यांच्या डोळ्यांसमोर मी नवरी होऊन कशी बसू? पूल झाला की विचारा."

"पूल मेयर कास्तोर बांधणार, मॅम. तोवर आपण दोघं म्हातारे होऊन तराफ्यावर काठ्या टेकत जाऊ."

"मग सराव करा," मी म्हणाले.

*

तो त्याच आठवड्यात मॅनिलाला गेला. मला वाटलं, संपलं. मी तिसरीचं दुसरं टाचण लिहायला घेतलं. त्याला कोणी पाणी लावलं नाही.

पण वर्तमानपत्रांनी 'सहीमुळे हरलेला उमेदवार' चार दिवस चालवला, आणि पाचव्या दिवशी एका निर्मात्याने त्यावर चित्रपट काढायचं ठरवलं. नायक आर्नेल. माझ्या भूमिकेत बेबेथ लुझान. आलिंग बासियांगनी दोन दिवस बिबिंगका फुकट वाटली.

आर्नेलची अट एकच होती : शेवटचं गाणं आमच्या नदीवर, आणि पूल काँक्रीटचा. निर्माता म्हणाला, प्लायवुड जास्त छान दिसतं. आर्नेल म्हणाला, मागच्या वेळी छान दिसलं होतं, त्यावरून संत पडले. शेवटी मानधनाऐवजी पूल ठरला. मेयर कास्तोरनी वाळू दिली आणि स्वतःच्या नावाची पितळी पाटी.

माझ्या वर्गात मोजणीचा प्रसंग चित्रित झाला तेव्हा मी मागच्या बाकावर होते. चित्रपटात नायिका अंगठा सरकवते. सही झाकली जाते, नायक जिंकतो, पाऊस येतो. दिग्दर्शक म्हणाला, लोकांना असंच आवडतं. बेबेथने माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही तो प्रसंग पाहिला. मलाही आवडलं.

गाण्याच्या आदल्या दिवशी पुलाचा शेवटचा तुकडा ओतला, आमच्या बाजूचा. दुपारी मी मुलांना दाखवायला घेऊन गेले. कडेला आर्नेल उकिडवा बसला होता, आणि माझी चाहूल लागताच त्याने उजवा हात पाठीमागे लपवला. बोटाला सिमेंट होतं.

ओल्या पुलावर लिहिलेलं होतं. सूर्यासकट.

"मॅम... आपोआप गेला."

मी वाकून बघितलं. या वेळी 'प्रेमपूर्वक'च्या वर माझं नाव होतं, आणि नावापुढे एक मोठं, शेपटीदार प्रश्नचिन्ह.

"पुन्हा लिहू?" त्याने विचारलं.

"सिमेंटवर पुन्हा लिहिता येत नाही," मी म्हणाले. "खाली जागा सोडलीय का?"

"एक ओळ."

मी पदर नसलेली बाई आहे, म्हणून स्कर्ट सावरून बसले आणि बोटाने लिहिलं. सरळ, सुवाच्य, तिसरीला फळ्यावर देते तसं : हो. प्रेमपूर्वक, रेमेदिओस दिमाकुलांगान. मुलांनी मोठ्याने वाचलं. एकजण 'रेमेदिओस'ला अडखळला. त्याला मी मेदिंग मॅम म्हणूनच माहीत होते.

"सूर्य राहिला," आर्नेल म्हणाला.

"सूर्य तुमचा."

तेवढ्यात काठावरून बंबवाल्याने हाक मारली, "साहेब, उद्यासाठी पाऊस एकदा तपासून घेऊ का?"

"नको!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

बंब गप्प राहिला. आर्नेल उठला, हात झाडले, भांग नीट केला. ऊन लख्ख होतं, आणि तो टाचेपासून डोक्यापर्यंत कोरडा ठणठणीत होता.

मला त्याला ओळखायला काही अडचण आली नाही.